पर्वरीच्या रांगेत मागून बसलेला धक्का: एकाच गाडीत पत्नीची मान दुखावली, माझी का नाही?

पर्वरीचा प्रवासी (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार. गेल्या महिन्यात म्हापशाहून पणजीला येत असताना पर्वरीत उड्डाणपुलाच्या कामामुळे लागलेल्या रांगेत आमची छोटी गाडी उभी होती आणि आमच्या मागे चिऱ्यांनी भरलेला ट्रक होता. रांग हलली असे समजून त्या चालकाने ब्रेक सोडला असावा. मी आरशात पाहिले, ट्रकचे तोंड मोठे होताना दिसले आणि पुढच्याच क्षणी तो आमच्या गाडीला येऊन लागला. त्याचा वेग फार तर सावकाश सायकल चालवणाऱ्या माणसाइतका, म्हणजे तासाला दहा किलोमीटरच्या आसपास असेल. उतरून पाहिले तर बंपरवर दोन ओरखडे आणि चिऱ्यांची थोडी लाल माती, एवढेच नुकसान दिसले. चालक बिचारा घाबरला होता. आम्ही एकमेकांचे क्रमांक घेतले आणि पुढे निघालो.

त्या रात्री कोणालाच काही त्रास नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र पत्नीला मान वळवता येईना. मानेच्या मुळापासून खांद्याच्या पात्यापर्यंत ओढ लागत होती आणि डोक्याच्या मागच्या भागात ठणका होता. एक्स-रे काढला. त्यात हाड मोडलेले नाही, फक्त मानेचा नैसर्गिक बाक सरळ झाला आहे, असा अहवाल आला. आज पाच आठवडे झाले तरी तिचे दुखणे पूर्ण गेलेले नाही. गाडीची पाहणी करायला आलेल्या विमा सर्व्हेयरने तर, "बंपर फुटला नाही, मग मान कशी दुखेल?" असे हसून विचारले, ते तिला फार लागले.

माझा प्रश्न साधा आहे. गाडी एक, धक्का एक, दोघांनीही पट्टे लावलेले. मी चालकाच्या जागेवर होतो आणि मला काहीच झाले नाही. ती शेजारी बसली होती आणि डावीकडच्या एका रोपवाटिकेची पाटी वाचत होती. मागच्या सीटवर माझ्या सासूबाई होत्या, वय 71, आणि त्याही ठणठणीत आहेत. असे का व्हावे?

यंत्रवेडा

मी वेर्णा औद्योगिक वसाहतीत नोकरी करतो. वैद्यकातले मला कळत नाही, त्यामुळे गाडीच्या बाजूचे तेवढे सांगतो.

"दहा किलोमीटरचा वेग" या शब्दांनी सर्व्हेयरची दिशाभूल झाली आहे. मागच्या वाहनाच्या वेगापेक्षा तुमच्या गाडीचा वेग धडकेच्या त्या अवधीत किती बदलला, हे पाहावे लागते, आणि तो बदल दोन्ही वाहनांच्या वजनांवर ठरतो. तुमची गाडी तीन माणसांसह सुमारे 1,150 किलोची धरू आणि चिऱ्यांनी भरलेला ट्रक 15 टनांचा धरू. वाहने एकमेकांवर आपटून थोडी उसळतात, त्या उसळीचा गुणांक 0.3 मानला तर ताशी 10 किलोमीटरने आलेला ट्रक तुमच्या उभ्या गाडीला ताशी सुमारे 12 किलोमीटरचा वेग देतो. होय, ट्रकच्या स्वतःच्या वेगापेक्षाही जास्त. त्याच वेगाने तुमच्याएवढीच गाडी आली असती तर हा आकडा साडेसहा झाला असता, आणि चालकासह 180 किलोची स्कूटर आदळली असती तर जेमतेम पावणेदोन.

हा बदल साधारण 0.12 सेकंदात घडतो असे मानले, तर गाडीला सरासरी जवळपास 3 जी इतके त्वरण मिळाले, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे तिप्पट. समान वजनाच्या गाडीच्या बाबतीत ते दीड जी असते. गृहीतके माझी आहेत, प्रत्यक्षात थोडेफार इकडेतिकडे होईल, पण ट्रक आणि गाडी यांतला दुपटीचा फरक कायम राहील.

आता बंपरविषयी. न फुटलेला बंपर हा धक्का सौम्य असल्याचा पुरावा नाही. पत्रा चेमटतो तेव्हा धडकेची काही ऊर्जा त्यात खर्च होते आणि धडकेचा कालावधी लांबतो. जो बंपर चेंडूसारखा दबून पुन्हा मूळ आकारात येतो, तो ती ऊर्जा परत करतो आणि गाडीला अधिक जोराने पुढे फेकतो. वरच्याच हिशेबात उसळी शून्य धरली तर 12 ऐवजी साधारण 9.3 उरतात. कमी वेगाच्या धडकेत उसळीचे प्रमाण जास्त असते, हेही लक्षात घ्यावे.

तुमचा पाय ब्रेकवर होता का?

पर्वरीचा प्रवासी

होय, पूर्ण दाबलेला होता. तरीही गाडी हातभर पुढे सरकली. पुढच्या गाडीला मात्र लागली नाही.

यंत्रवेडा

मग थोडे तरी वाचलात. चारही चाके जखडलेली असली तरी डांबरी रस्त्यावर 0.12 सेकंदात ब्रेक जास्तीत जास्त ताशी तीनेक किलोमीटर खाऊ शकतो. ब्रेकचा मोठा फायदा पुढच्या गाडीवर आपटून दुसरा हिसका बसण्यापासून सुटका होण्यात आहे. रांगेत पुढे एका गाडीची तरी जागा सोडून थांबावे असे मी सांगतो ते त्यासाठीच, मग मागचे कितीही हॉर्न वाजवोत.

साशंक डिचोलीकर

धागाकर्त्यांच्या पत्नीच्या दुखण्याविषयी मला पूर्ण सहानुभूती आहे आणि माझे म्हणणे त्यांना उद्देशून नाही. परंतु या विषयाची दुसरी बाजूही मांडली गेली पाहिजे. 1996 साली लिथुआनियातील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या देशात तेव्हा अशा दुखण्यासाठी विमा नव्हता आणि "व्हिपलॅश", म्हणजे धडकेच्या हिसक्याने होणारे मानेचे दुखणे, ही कल्पनाही लोकांत रुजलेली नव्हती. मागून धडक बसलेल्या 202 जणांची एक ते तीन वर्षांनंतर चौकशी केली, तेव्हा अपघात न झालेल्या लोकांपेक्षा त्यांच्यात मानदुखी वेगळी अशी आढळली नाही. त्यानंतर 2001 साली जर्मनीत तर खोटी टक्कर घडवून पाहण्यात आली. स्वयंसेवकांना धडक बसल्याचा भास होईल अशी व्यवस्था केली, पण मानेवर ताण येईल असा धक्का प्रत्यक्षात दिलाच नाही. तरीही जवळपास पाचातल्या एकाने पुढे मानेच्या वगैरे तक्रारी सांगितल्या. मग खरे दुखणे कोणते आणि मनाचे कोणते, हे ठरवायचे कसे?

फिजिओ फोंड्याची

डिचोलीकरबाब, तुमच्या प्रश्नाकडे मी येते, पण आधी मानेत काय घडते ते सांगते. त्याशिवाय मूळ प्रश्नाचे उत्तर मिळणार नाही.

मागून धक्का बसला की गाडीबरोबर सीट पुढे जाते आणि सीटची पाठ तुमच्या पाठीला पुढे ढकलते. डोक्याचे वजन साडेचार ते पाच किलो असते. त्याला मागून कोणी ढकलत नाही, म्हणून ते क्षणभर होते तिथेच राहते. खालचे शरीर पुढे आणि डोके जागच्या जागी अशा अवस्थेत मान काही क्षण इंग्रजी 'एस' अक्षरासारखी वाकते. तिचे खालचे मणके मागे वाकतात आणि वरचे पुढे झुकतात. त्याच वेळी सीटच्या दाबाने पाठीचा बाक सरळ होऊन धड किंचित वर सरकते, त्यामुळे मान खालूनही दाबली जाते. हे सारे पहिल्या 100 मिलिसेकंदांच्या आसपास घडून जाते. डोके जोराने मागे फेकले जाते आणि मान प्रमाणाबाहेर वाकल्यामुळे इजा होते, अशी जुनी समजूत होती. 1990 च्या दशकात झालेल्या प्रयोगांनी दाखवले की डोके मागे पोचण्यापूर्वी, त्या 'एस' अवस्थेतच, खालच्या मणक्यांचे सांधे अशा प्रकारे हलतात जसे ते नेहमीच्या हालचालीत कधी हलत नाहीत.

मणक्यांच्या मागच्या बाजूला दोन्हीकडे लहान लहान सांधे असतात, त्यांना फॅसेट सांधे म्हणतात. त्यांच्यावरचे आवरण ताणले जाते आणि आतली नाजूक घडी चिमटली जाते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी ज्यांचे दुखणे महिनोन्‌महिने राहिले अशा रुग्णांच्या या सांध्यांच्या नसा तात्पुरत्या बधिर करून पाहिल्या, तेव्हा बऱ्याच जणांचे दुखणे तेवढ्या काळापुरते थांबले. एक्स-रेत हे दिसत नाही आणि एमआरआयमध्येही बहुधा दिसत नाही. अहवालातला "बाक सरळ झाला आहे" हा शेरा तर काहीही न झालेल्या माणसांच्या एक्स-रेतही पुष्कळदा आढळतो, म्हणून त्याने घाबरू नये आणि त्याला पुरावाही मानू नये.

स्नायू वेळेवर आवळले जाऊन मान सांभाळतील, अशी आशा व्यर्थ आहे. धक्क्यानंतर स्नायू जागे व्हायलाच 70 ते 100 मिलिसेकंद लागतात आणि त्यांना पुरते बळ यायला आणखी वेळ लागतो. तोवर 'एस' होऊन गेलेला असतो. येथेच तुमच्या दोघांतला पहिला फरक येतो. तुम्ही आरशात ट्रक पाहिला, त्यामुळे तुमचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले असतील, पाठ सीटला टेकली असेल आणि मान आपोआप ताठ झाली असेल. वहिनींना काहीच कल्पना नव्हती. त्यातून त्यांची मान डावीकडे वळलेली होती. मान वळलेली असताना एका बाजूच्या सांध्यांची आवरणे आधीच ताणलेली असतात, तीच पुढे जास्त खेचली जातात. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे 1990 च्या दशकात रुग्णांच्या पाहणीतून हेच निघाले होते: डोके वळलेले किंवा कललेले असणे, धक्क्याची जाणीव नसणे आणि गाडी उभी असताना मागून धडक बसणे, या तिन्ही गोष्टी अधिक त्रासाशी निगडित होत्या. वहिनींच्या बाबतीत तिन्ही जुळून आल्या.

"व्हिपलॅश" या शब्दाविषयी थोडे विषयांतर करते. हॅरॉल्ड क्रो या अमेरिकी अस्थिरोगतज्ज्ञाने 1928 साली सॅन फ्रान्सिस्कोतील व्याख्यानात तो वापरला. चाबकाच्या फटक्यासारखी हालचाल एवढेच त्याला सांगायचे होते, पण पुढे लोक त्याला रोगाचे नाव समजू लागले आणि पुढे त्याचा त्यालाच पश्चात्ताप झाला. आपल्याकडे "मानेला हिसका बसला" म्हणतात, ते मला अधिक नेमके वाटते, कारण त्यात कारण आहे आणि निदानाचा आव नाही.

साखळीची मास्तरीण

स्त्रियांना हा त्रास अधिक होतो असे ऐकले आहे. ते खरे आहे, की स्त्रिया तक्रार अधिक करतात असे म्हणण्याचा तो सभ्य प्रकार आहे?

फिजिओ फोंड्याची

मास्तरीणबाई, ते खरे आहे. वेगवेगळ्या देशांतील पाहण्यांत स्त्रियांचा धोका पुरुषांच्या सुमारे दुपटीच्या घरात निघतो. डोक्याच्या वजनाच्या मानाने स्त्रियांची मान बारीक असते आणि मणक्यांचा आधारही कमी असतो. शिवाय शरीर हलके असले की सीटची पाठ मागे कमी लवते, म्हणजे धक्का गिळण्याऐवजी तो तसाच पुढे पोचवते.

आणखी एक गोष्ट मला फार खटकते. मागच्या धडकेसाठी सीट तपासण्याकरता जो पुतळा वर्षानुवर्षे वापरला जातो, तो सरासरी पुरुषाच्या बांध्याचा आहे. स्वीडनमध्ये सरासरी स्त्रीच्या बांध्याचा पुतळा तयार करण्याचे काम अॅस्ट्रिड लिंडर यांनी पुढे नेले, पण ही जाग उशिरा आली. व्होल्वोने 1998 मध्ये आणि साबने 1997 मध्ये मानेचे रक्षण करणाऱ्या सीट गाड्यांत आणल्या. अशा सीटचा फायदा खरा आहे, तरी तो पुरुषांना स्त्रियांपेक्षा अधिक झाल्याचे स्वीडनमधील विमा नोंदींतून दिसले.

साशंक डिचोलीकर

माझ्या दोन अभ्यासांचे उत्तर अजून आले नाही.

यंत्रवेडा

फिजिओताईंच्या आधी मीच प्रयत्न करतो.

लिथुआनियाच्या त्या 202 जणांची निवड अपघाताच्या नोंदीवरून झाली होती, दुखण्यावरून नव्हे. त्यांपैकी अपघातानंतर प्रत्यक्ष मान दुखलेले लोक थोडेच होते. थोड्यांमधल्या थोड्यांचे दुखणे टिकते की नाही, हे एवढ्या नमुन्यातून ठरत नाही. खोट्या टकरीच्या प्रयोगातून तुमचे म्हणणे काही अंशी सिद्ध होते, हे मी मान्य करतो. मानदुखी ही इतकी सामान्य गोष्ट आहे की कोणत्याही आठवड्यात कोणाची ना कोणाची मान दुखतच असते, आणि मनात भीती बसली की ती त्या घटनेला चिकटते. परंतु याच्या उलट बाजूचाही प्रयोग आहे. कॅनडात 1998 साली 42 स्वयंसेवकांना वेगात ताशी 4 आणि 8 किलोमीटरचा बदल होईल असे खरे धक्के दिले. अनुक्रमे सुमारे 29 आणि 38 टक्के लोकांना लक्षणे जाणवली, आणि बहुतेकांची ती लवकर गेली. म्हणजे वेग कमी असताना दुखणे येऊ शकते आणि ते बहुधा टिकत नाही, असे दोन्ही एकाच वेळी खरे आहे.

भरपाईच्या पद्धतीचा परिणाम होतो, हेही खरे आहे. कॅनडाच्या सास्काचेवान प्रांताने 1 जानेवारी 1995 पासून वेदनेबद्दलची भरपाई बंद केली, तेव्हा सहा महिन्यांतले दावे दर लाख लोकांमागे 417 वरून 302 वर आले. आता 417 ची 302 झाली, म्हणून उरलेले 302 खोटे म्हणायचे का? जर्मनीत खालची न्यायालये एके काळी ताशी 10 किलोमीटरपेक्षा कमी बदल म्हणजे इजा अशक्य, अशी सरसकट रेघ ओढत असत. तेथील सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने जानेवारी 2003 मध्ये ती नाकारली आणि प्रत्येक प्रकरण त्याच्या परिस्थितीनुसार तपासावे असे ठरवले. आपल्या सर्व्हेयरला ही बातमी अजून पोचायची आहे.

साशंक डिचोलीकर

नमुन्याविषयीचा मुद्दा मला माहीत नव्हता, तो मी स्वीकारतो. आकडे देऊन बोलल्याबद्दल आभारी आहे.

गॅरेजवाला म्हापसा

माझे म्हणणे जरा वेगळे आहे. बंपर म्हणजे वरून दिसते ते प्लास्टिकचे आवरण. ते दबते आणि सुटते. आत फोम असतो, त्याच्या मागे आडवा बीम असतो आणि तो बीम चॅसिसला ब्रॅकेटने जोडलेला असतो. वरून दोन ओरखडे असलेल्या गाडीचे आवरण उतरवले की ब्रॅकेट वाकलेली मी कित्येकदा पाहिली आहे. डिकीचे झाकण आणि बॉडी यांच्यातली फट दोन्ही बाजूंनी सारखी आहे का, तेवढे आधी पाहा. त्याचबरोबर शेजारच्या सीटची पाठ हलवून पाहा. सीट मागे-पुढे करण्याच्या खटक्यावर भार आलेला असतो. तो ढिला झाला असेल तर ती सीट वापरू नका.

दुसरे, मागे जाड लोखंडी गार्ड लावून घ्यायची हौस आपल्याकडे फार आहे. लोक म्हणतात की बंपर वाचतो. वाचतो हे खरे, पण गार्ड थेट चॅसिसवर बसतो आणि धक्का तसाच्या तसा आत जातो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर 2017 मध्ये असे गार्ड आणि बुलबार काढायला लावण्याविषयी राज्यांना लिहिले होते. तरी बसवून मागणारे येतातच.

यंत्रवेडा

याला दुजोरा देतो. मागे ओढणीचा लोखंडी हूक बसवलेल्या गाड्यांत दीर्घकाळ मान दुखण्याचा धोका अधिक असल्याचे स्वीडनच्या अभ्यासात दिसले होते. शरीरापर्यंत धक्का किती वेळात पोचतो, यावर पुष्कळ अवलंबून असते, आणि कडक भाग तो वेळ कमी करतो.

फिजिओ फोंड्याची

आता हेडरेस्टविषयी, कारण आपल्या हातात असलेली सर्वांत मोठी गोष्ट तीच आहे. तिला लोक डोके टेकून आराम करण्याची उशी समजतात. तिचे खरे काम डोके मागे राहू न देण्याचे आहे. सीट पाठीला ढकलते त्याच सुमारास हेडरेस्टने डोक्याला ढकलले, तर मानेचा 'एस' होण्याला वावच उरत नाही. म्हणून दोन मापे पाहावी लागतात. हेडरेस्टचा वरचा काठ डोक्याच्या माथ्याच्या पातळीला असावा, आणि डोक्याची मागची बाजू व हेडरेस्ट यांतले अंतर शक्य तितके कमी, पाच-सहा सेंटिमीटर असावे. ते दहाच्या पुढे गेले की हेडरेस्ट असून नसल्यासारखी होते, कारण डोके तिथे पोचेपर्यंत व्हायचे ते होऊन गेलेले असते. हेडरेस्ट फार खाली असेल तर ती मानेलाच टेकू देते आणि डोके तिच्यावरून मागे कलंडते, हे त्याहून वाईट.

सीटची पाठ फार कलती ठेवून आरामखुर्चीसारखे बसणाऱ्यांचे डोके हेडरेस्टपासून आपोआप दूर जाते. सुट्टीत भाड्याच्या गाडीतून फिरणारे पर्यटक असे बसलेले आपण रोज पाहतोच, पण आपल्यातलेही पुष्कळ असतात. बाजारात हेडरेस्टला बांधायची मऊ उशी मिळते, तिच्याविषयी मला नेहमी विचारतात. डोक्याच्या मागे आधार हवा. मानेच्या पोकळीत फुगीर उशी आली तर डोके पुढे ढकलले जाते किंवा अंतर तसेच राहते, म्हणून मी ती सुचवत नाही.

धागाकर्त्यांनी दोन्ही सीटची मापे घेऊन येथे लिहावीत अशी विनंती आहे.

साखळीची मास्तरीण

नवीन गाडी घेताना याची कुठे चाचणी झालेली असते का?

यंत्रवेडा

धडक-चाचणी घेऊन गाड्यांना तारे देणारी भारत एनकॅप ही योजना ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाली, पण तिचे तारे समोरच्या आणि बाजूच्या धडकांवर दिले जातात. मागच्या धडकेत मानेचे काय होते, हे ते तारे सांगत नाहीत. शोरूममध्ये स्वतः बसून, सोबतच्या माणसाला बाजूने पाहायला सांगून ते अंतर पाहणे, हाच उपाय. पाच तारे दिसले की विक्रेते पुढचे बोलू देत नाहीत, तरी बसून पाहा.

वकील मडगावचे

कायद्याचे थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 134 नुसार जखमी व्यक्तीला उपचार मिळवून देण्याची आणि अपघाताची माहिती पोलिसांना देण्याची जबाबदारी चालकावर असते. घटनास्थळी कोणी जखमी दिसत नसल्यामुळे लोक आपसात मिटवून निघून जातात, आणि मानेचे दुखणे दुसऱ्या दिवशी सुरू होते. तेव्हा दुखू लागताच त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे आणि अपघाताची तारीख, वेळ व धडकेचा प्रकार कागदावर लिहून घ्यावा. भरपाईचा अर्ज कलम 166 खाली दावा न्यायाधिकरणाकडे करता येतो. मालक-चालकाच्या पॉलिसीतील 15 लाखांच्या सक्तीच्या वैयक्तिक अपघात विम्याचा येथे उपयोग नाही, कारण तो मृत्यू आणि कायमचे अपंगत्व यांसाठी असतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 मध्ये 15 दिवस तीव्र शारीरिक वेदना होणे किंवा नेहमीचे व्यवहार करता न येणे हेही गंभीर दुखापतीत धरले आहे. जुन्या संहितेत ही मुदत 20 दिवसांची होती.

पर्वरीचा प्रवासी

सर्वांचे मनापासून आभार, देव बरे करो. शेजाऱ्यांनी मानेचा पट्टा आणून दिला होता आणि पत्नी तो दोन आठवडे दिवसभर घालत होती. ते योग्य झाले का? आणि पाच आठवडे म्हणजे काळजी करण्यासारखे आहे का?

फिजिओ फोंड्याची

हाड किंवा नस दुखावली नसेल तर पट्टा टाळलेलाच बरा. 1995 साली क्वेबेकमधील तज्ज्ञगटाने या दुखण्याची शून्य ते चार अशी प्रतवारी केली. नुसते दुखणे व आखडणे ही पहिली, तपासणीत हालचाल कमी व दाबल्यावर दुखणे दिसले तर दुसरी, हातातली शक्ती, संवेदना किंवा प्रतिक्षिप्त क्रिया बिघडल्या तर तिसरी, आणि हाड मोडणे वा निखळणे ही चौथी. तुमच्या वर्णनावरून वहिनी दुसऱ्या प्रतीत असाव्यात, अर्थात तपासल्याशिवाय मी ते ठाम सांगू नये. पहिल्या दोन प्रतींत मान बांधून ठेवण्यापेक्षा सोसवेल तेवढी हलवत राहिल्याने लवकर बरे वाटते. पट्ट्याने स्नायू आळसावतात आणि "माझी मान मोडकी आहे" ही भावना घट्ट होते. आता पट्टा काढा आणि जवळच्या फिजिओकडे जाऊन मानेच्या खोल स्नायूंचे व्यायाम शिकून घ्या.

पाच आठवडे दुखत राहणे असामान्य नाही. बहुतेकांचा उतार पहिल्या दोन-तीन महिन्यांत पडतो, काहींचे थोडेफार दुखणे वर्षानंतरही राहते. येथे गाडीचा वेग मागे पडतो. दुखणे कोणाचे रेंगाळते, याचा अंदाज धडकेच्या जोरापेक्षा सुरुवातीचे दुखणे किती तीव्र होते, झोप लागते का, अपघाताची दृश्ये पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतात का आणि आपण बरे होऊ असे त्या माणसाला वाटते का, यावरून अधिक चांगला बांधता येतो. डिचोलीकरबाब, मनाचा वाटा आहे तो असा. त्याने दुखणे खोटे ठरत नाही. सर्व्हेयरच्या हसण्याने वहिनींचे दुखणे एक आठवडा वाढले असेल तर मला नवल वाटणार नाही.

हातात मुंग्या येणे, पकड ढिली होणे, चालताना तोल जाणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे यांपैकी काहीही झाले तर एक दिवसही थांबू नका. ज्यांचे दुखणे नवे आहे त्यांच्यासाठीही एक गोष्ट सांगते. मानेचा एक्स-रे कोणाला हवा हे ठरवण्याचा एक नियम कॅनडात 2001 साली तयार झाला. साध्या मागच्या धडकेनंतर शुद्धीवर असलेल्या माणसाला मान दोन्हीकडे 45 अंश वळवता आली तर एक्स-रेशिवाय चालते, असे तो सांगतो. मात्र बसने किंवा मोठ्या ट्रकने दिलेली धडक त्या "साध्या" प्रकारात धरलेली नाही, आणि वय 65 किंवा अधिक असेल तरीही एक्स-रे काढावाच लागतो. म्हणजे सासूबाईंची मान दुखली असती तर वयामुळे त्यांचा एक्स-रे काढावाच लागला असता.

पर्वरीचा प्रवासी

आज फूटपट्टी घेऊन मापे घेतली. माझ्या डोक्याच्या मागचे अंतर 4 सेंटिमीटर भरले आणि हेडरेस्टचा काठ माथ्याच्या दोन बोटे खाली आहे. पत्नीच्या बाजूची हेडरेस्ट तळापर्यंत खाली दाबलेली होती, कारण मागून पुढचा रस्ता दिसत नाही म्हणून मीच ती पावसाळ्यापूर्वी खाली केली होती. ती बसल्यावर अंतर 11 सेंटिमीटर भरले, तेही मान सरळ ठेवून. आता ती हेडरेस्ट वर घेऊन सीटची पाठ उभी केली आहे आणि अंतर 5 वर आले आहे. सीटचा खटका पाहायला उद्या गॅरेजमध्ये जातो.

सासूबाईंना काही त्रास नाही असे त्या ठामपणे सांगतात, तरी उद्या त्यांनाही दाखवून आणतो. पण त्या सुटल्या कशा, हे कोडे मला सुटलेले नाही. मागच्या सीटला तर वेगळी हेडरेस्टच नाही, पाठ आणि ती एकसंध आहे.

यंत्रवेडा

त्यांची उंची किती आहे? आणि धक्का बसला तेव्हा त्या नेमक्या कशा बसल्या होत्या?

पर्वरीचा प्रवासी

चार फूट दहा इंच. सीटचा काठ त्यांच्या माथ्यापर्यंत येतो. पत्नी म्हणते की आई म्हापशापासूनच मागे डोके टेकवून झोपली होती. सासूबाईंना ते मान्य नाही. आपण झोपलो नव्हतो, डोळे मिटून जप करत होतो, असे त्यांचे म्हणणे आहे. डोके टेकलेले होते, एवढे मात्र त्या कबूल करतात.